मागांच्या आवाजाखालचे दोन चेलो

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण गंगापूर रोडला एका डेंटिस्टच्या घरी जमतो आणि जुन्या सिनेमांचं पार्श्वसंगीत ऐकतो. गाणी नाही. गाण्यांचे शौकीन नाशकात गल्लोगल्ली सापडतील. आम्हाला गाण्यांच्या मधलं हवं असतं. नायिका जिना उतरते तेव्हा वाजणारी व्हायोलिनं, कोर्टाचा निकाल लागायच्या आधी घुमणारा एकटा ड्रम, कुणी मेल्यावर बासरीने घेतलेला एखादा सूर. घरच्यांना हा चक्रमपणा वाटतो. माझा नवरा म्हणतो, जेवणात तुम्ही फक्त चटणी जेवता.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गटात मी एकटीच बाई, आणि कुठल्या तुकड्यात कुठलं वाद्य आहे हे माझ्याइतकं चटकन कुणाला ओळखता येत नाही, असं सगळे मानतात. मीही मानत होते. वाद झाला की शेवटी कुणीतरी म्हणायचं, "मॅडमना विचारा." मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

वाद तर रोजचेच. हल्ली जुन्या सिनेमांचं पार्श्वसंगीत परदेशातल्या मोठ्या वाद्यवृंदांकडून नव्याने वाजवून घेतात. त्या रेकॉर्डिंगवरून आमच्यात दोन तट पडलेले. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांना नवं काहीच पटत नाही. ते म्हणतात, "आमच्याकडे विमानाच्या पत्र्याला रिव्हेट एका रेषेत लागायचे, लागायलाच हवेत. पण व्हायोलिनं अशी एका रेषेत वाजली की मला कारखान्यात गेल्यासारखं वाटतं." त्यांच्या विरुद्ध दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार. त्यांनी बंगल्यात फक्त ऐकण्यासाठी एक खोली बांधली आहे. ते म्हणायचे, "काका, तुमी जुनं ऐकता तवा निम्मं तर खरखरच ऐकता. नवं लय भारी हाय, एकदा माझ्याकडं येऊन ऐका, मंग बोला." आणि डेंटिस्ट, म्हणजे आमचे डॉक्टर, दोघांना मिसळ वाढून गप्प करायचे.

चाचा आमच्यात आले ते डॉक्टरांच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे. तो बिघडला होता. कुणीतरी जुन्या नाशकातल्या एका दुरुस्तीवाल्याचं नाव सुचवलं, आणि पांढरी टोपी घातलेले, सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ हातात अवजारांची पेटी घेऊन आले. दुरुस्ती झाल्यावर डॉक्टरांनी चाचणी म्हणून एका सिनेमाचा तुकडा लावला. चाचा तारा गुंडाळत होते. ते तसेच थांबले आणि म्हणाले, "हे सहावं रीळ आहे. आता नदीचा सीन येईल."

आला.

चाचा तीसेक वर्षं शहरातल्या एका थिएटरात ऑपरेटर होते. प्रोजेक्टरच्या खोलीत बसून त्यांनी आयुष्य काढलं. थिएटर बंद पडल्यावर ते घरी बसून रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला लागले. रीळ संपत आलं की ऑपरेटरला दुसरं मशीन सुरू करावं लागतं, आणि त्याची खूण म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. चाचा म्हणाले, "बाकीचे ठिपक्यावर नजर ठेवायचे. मी नाय ठेवायचो. मला म्युझिकवरून कळायचं." डॉक्टरांनी त्यांना पुढच्या रविवारचं आमंत्रण तिथेच दिलं.

ते यायला लागले. दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायचे, कमी बोलायचे. पण बोलले की ऐकत राहावं असं बोलायचे. आमच्याकडे पुस्तकं होती, इंटरनेट होतं, महागडे स्पीकर होते. त्यांच्याकडे एकेक सिनेमा शंभर शंभर वेळा ऐकलेला कान होता. आम्ही म्हणायचो, अमक्या प्रसंगातलं संगीत. ते म्हणायचे, चौथ्या रिळाच्या शेवटचं.

अशातच मुंबईच्या एका छोट्या संस्थेने एका जुन्या सिनेमाचं पार्श्वसंगीत नव्याने वाजवून घ्यायचं ठरवलं. युरोपातला एक वाद्यवृंद ते वाजवणार होता. अडचण एकच होती. मूळ नोटेशनचे कागद कधीच रद्दीत गेले होते आणि संगीताची वेगळी टेप उरली नव्हती. उरलं होतं ते सिनेमाच्या आवाजात मिसळलेलं, संवादांच्या, दारांच्या, पावलांच्या खाली दबलेलं संगीत. ते ऐकून ऐकून नोटेशन पुन्हा लिहायचं काम चाललं होतं, आणि त्यासाठी त्यांना चांगल्या कानांची माणसं हवी होती. डॉक्टरांनी माझं नाव कळवलं. अकरा तुकडे माझ्याकडे आले. कोणतं वाद्य कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं, एवढं मी लिहून द्यायचं होतं. मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं, बहिणीला सांगितलं, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सांगितलं.

त्या सिनेमात एक विणकर आहे. सिनेमाच्या शेवटाकडे दोन-तीन मिनिटांचा एक प्रसंग येतो. माग विकले गेले आहेत, दुसऱ्या दिवशी ते उचलून नेणार आहेत, आणि विणकर चालू मागांच्या रांगांमधून एकदा शेवटचा फिरतो. संवाद नाही. कानठळ्या बसवणारी खडखड. माझ्या यादीत हा प्रसंग नव्हताच. तिथे संगीत नाही, असं सगळेच धरून चालले होते. मी गटात अभिमानाने म्हणाले, "संगीतकाराची हिंमत बघा. एवढा मोठा प्रसंग, आणि त्याने एकही सूर लावला नाही."

चाचा दाराजवळून म्हणाले, "आहे मॅडम. तिथं म्युझिक आहे."

"कुठे?"

"मागांच्या खाली. ते मोठं व्हायोलिन असतं ना, पायांत धरून वाजवतात ते."

"चेलो?"

"हां, चेलो. दोन आहेत. एक एकाच जागी थांबतो आणि दुसरा खाली खाली उतरतो."

डॉक्टरांनी तो प्रसंग लावला. आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. खडखड आणि खडखड. काकांनी मान हलवली. बागायतदार म्हणाले, "नाय बुवा, मला तर कायच नाय ऐकू आलं." पुन्हा लावलं. मलाही काही ऐकू आलं नाही.

चाचा जरा पुढे सरकून बसले. "आमच्या वालिदसाहेबांचे माग होते, मालेगावला. मी मागाच्या बाजूलाच झोपायचो. तो आवाज मला बाजूला काढता येतो. तुम्हाला नाय येणार एकदम. पण आहे तिथं. मी हा पिक्चर मॅटिनीला किती वेळा चालवलाय."

आता त्यांचं म्हणणं किती स्पष्ट होतं ते कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की मी एक विधान केलं आहे आणि एक रेडिओ दुरुस्त करणारा माणूस ते सगळ्यांसमोर खोडून काढतो आहे. मी हसत म्हणाले, "चाचा, एकीकडे माग, दुसरीकडे प्रोजेक्टरची घरघर. एकदा कान तपासून घ्या तुम्ही."

सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे नका येऊ, मी फक्त दात बघतो." आणखी हसले. चाचाही हसले, पण नंतर टोपी नीट करत बसले आणि त्या सकाळी पुन्हा काही बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात कॉलेजला एक दिवस सुट्टी होती. दुपारी घरात कुणी नव्हतं. लॅपटॉपवर मी तो प्रसंग उघडला, खरं तर चाचांना खोटं पाडायला. मी मुलांना ध्वनीच्या लहरी शिकवते. खडखडीतला बराचसा भाग वरच्या पट्टीत असतो, हे मला माहीत होतं. मी तो हळूहळू कमी करत नेला. हेडफोन कानांवर दाबून धरले. आधी नुसती गुरगुर. मग त्या गुरगुरीत एक सूर, एकाच जागी थांबलेला. आणि त्याच्या शेजारून दुसरा, पायरी पायरीने खाली उतरणारा.

दोन चेलो होते.

मी ते पाच-सहा वेळा ऐकलं. अंगावर काटा आला होता. एवढ्या वर्षांत हे कुणालाच ऐकू आलं नव्हतं. विणकर चालतोय, माग कोकलतायत, आणि खाली कुणाला कळणार नाही अशा बेताने कुणीतरी त्याच्यासाठी रडतंय. मी लगेच मुंबईला ईमेल लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात "आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी लक्षात आणून दिलं" असं वाक्य होतं. मग वाटलं, ते विचारतील कोण सदस्य, कसं कळलं त्यांना. मग प्रोजेक्टर, मालेगाव, सगळंच सांगावं लागेल. वाक्य लांबत चाललं होतं. मी ते खोडलं. त्या जागी लिहिलं, "बारकाईने ऐकताना माझ्या असं लक्षात आलं की."

वाक्य लांबत होतं म्हणून मी ते खोडलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

मुंबईहून तासाभरात फोन आला. पलीकडचा तरुण माणूस अक्षरशः ओरडत होता. "मॅडम, हे कुणालाच सापडलं नव्हतं! आम्ही हा तुकडा रेकॉर्डिंगमध्ये घेतोय." मी म्हणाले, "अहो, नुसतं ऐकायचं असतं नीट."

पुढच्या महिन्याच्या रविवारी मी गेले तेव्हा चाचा आधीच येऊन बसले होते. डॉक्टर आत चहा सांगायला गेले होते, बाकीचे अजून यायचे होते. हॉलमध्ये आम्ही दोघंच. चाचांनी विचारलं, "मॅडम, परत ऐकलं का ते? मागांचं?"

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. दुसरं कुणी ऐकायलाही नव्हतं. माझी लाज त्या खोलीतच राहिली असती. पण मी म्हणाले, "नाही हो चाचा. पेपर तपासत होते. वेळच नाही झाला."

"असू द्या, असू द्या," ते म्हणाले. "माझंच काहीतरी चुकलं असेल."

मी पर्समध्ये चष्मा शोधत राहिले. चष्मा डोळ्यांवरच होता.

मग पाच महिने गेले. चाचा येत होते, पण बोलेनासे झाले होते. एखाद्या तुकड्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "मला नाय आठवत आता." मला ते दिसत होतं. मी त्याला वयाचं नाव दिलं. दर महिन्याला घरून निघताना ठरवायचे की आज सांगू. मग मिसळ यायची, काका आणि बागायतदारांची जुंपायची, आणि मी स्वतःशी म्हणायचे, आता सगळ्यांसमोर कसं सांगणार, रेकॉर्डिंग आलं की बोलू, तेव्हा सगळ्यांनाच आनंद झालेला असेल.

रेकॉर्डिंग आलं. डॉक्टरांनी मुद्दाम सीडीची डबी मागवली होती, आत छापील पुस्तिका होती. त्या रविवारी एकूण एक जण हजर होता. बागायतदारांनी दिंडोरीहून गाडीत घालून स्वतःचे स्पीकर आणले. काकासुद्धा सुरुवातीची दहा मिनिटं काही न बोलता ऐकत राहिले, मग म्हणाले, "वाजवलंय चांगलं. फार स्वच्छ वाजवलंय, एवढंच." मागांचा तुकडा आला. नव्या रेकॉर्डिंगमध्ये माग नव्हते. नुसते दोन चेलो, उघडे, मोठ्या हॉलमध्ये. कुणी हललं नाही. तुकडा संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "थांबा, याबद्दल यात काहीतरी लिहिलंय." आणि त्यांनी पुस्तिकेतला परिच्छेद मोठ्याने वाचला. इंग्रजीतच होता. मागांच्या गोंगाटाखाली इतकी वर्षं दडलेले हे दोन चेलो प्रथम ऐकले ते नाशिकच्या एका प्राध्यापिकेने, आणि पुढे माझं पूर्ण नाव, आणि माझ्या असामान्य श्रवणशक्तीबद्दल दोन ओळी.

टाळ्या झाल्या. चाचांनीही वाजवल्या, पण जरा उशिरा, बाकीच्यांकडे बघून. काय वाचलं गेलं ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना खुणेने विचारलं. डॉक्टर त्यांच्याजवळ वाकून मोठ्याने म्हणाले, "चाचा, ते मागांखालचे चेलो! खरंच होते! मॅडमनी शोधून काढले!"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तिकेकडे बघत होते. ते एवढंच म्हणाले, "अच्छा. होते." मग थोड्या वेळाने, "मुबारक हो मॅडम." मिसळ येण्याआधीच ते उठले. घरी पाहुणे येणार आहेत म्हणाले.

त्याच्या पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दुसऱ्या खेपेला सगळे गेल्यावर मी डॉक्टरांना मदत म्हणून खुर्च्या उचलत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चाचा येत नाहीत हल्ली?"

"काय येणार? ऐकू कमी येतं आता त्यांना. बरंच कमी. तुम्हाला माहीत नाही? तुम्हीच तर म्हणालात ना मागे, कान तपासून घ्या. त्याच आठवड्यात आले माझ्याकडे, चांगला कानाचा डॉक्टर सांगा म्हणाले. मी म्हटलं, अहो, गंमत केली मॅडमनी. म्हणे, नाही, मला खात्री करायची आहे. तपासलं तर दोन्ही कान गेलेले. मशीनच्या खोलीत एवढी वर्षं, दुसरं काय होणार." डॉक्टरांनी खुर्ची भिंतीला लावली. "मला म्हणाले, मॅडम बरोबर बोलल्या. मला नीट ऐकूच येत नाही, तर मी ते चेलो कसे ऐकले असणार? म्हणजे मी मनानेच रचलं असणार. फार खचले होते. मीही काय बोलणार? मला तरी कुठे माहीत होतं, ते खरे आहेत म्हणून."

मला माहीत होतं. ज्या आठवड्यात ते कानाच्या डॉक्टरकडे गेले, त्याच आठवड्यात मी घरी बसून ते दोन चेलो पाच-सहा वेळा ऐकले होते.

मी डॉक्टरांना तिथेच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, असू द्या हो. एवढं काय त्यात? शेवटी ऐकलंत तर तुम्हीच ना." त्या आठवड्यात मी काकांना सांगितलं, बागायतदारांनाही फोन केला. काका म्हणाले, सूचना वेगळी आणि शोध वेगळा. बागायतदार म्हणाले, "सोडा वो मॅडम, चाचा काय मनावर घ्यायचे नाय." मला वाटत होतं कुणीतरी रागवावं. कुणीच रागावलं नाही. चाचांच्या जागी काका असते तर ही माणसं इतक्या सहज बोलली असती का, हा प्रश्न मला तेव्हा पडला. मग मला माझंच ते "कान तपासून घ्या" आठवलं. काकांना मी तसं कधी म्हणाले असते का? नसते. त्यांच्याशी मी वाद घालायचे.

त्यानंतरच्या रविवारी मी पत्ता विचारत जुन्या नाशकात गेले. दूधबाजाराच्या मागची गल्ली, पहिला मजला, अरुंद जिना. दार चाचांच्या मुलीने उघडलं. ती उर्दू शाळेत शिकवते, चाचांच्या बोलण्यात तिचा उल्लेख अनेकदा यायचा. मी नाव सांगितल्यावर ती क्षणभर दारातच उभी राहिली, मग बाजूला झाली. चाचा खिडकीपाशी एक उघडा रेडिओ घेऊन बसले होते. मला बघून उठायला लागले. मी म्हणाले, "चाचा, बसा. मला तुमच्याशी बोलायचंय." त्यांना ऐकू गेलं नाही. मला तेच पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.

माफीसुद्धा ओरडून मागावी लागेल, याचा मी विचार केला नव्हता. हळू आवाजात, खाली मान घालून सांगायचं असं मी रिक्षात बसून ठरवलं होतं. पण तिथे प्रत्येक वाक्य स्वच्छ आणि चढ्या आवाजात बोलावं लागलं, आणि तसं बोलताना आडपडदा राहत नाही. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी ऐकलं. त्याच आठवड्यात ऐकलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. मुंबईला तुमचं नाव कळवलं नाही." खालच्या गल्लीतही ऐकू गेलं असेल.

चाचांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मला समजलं होतं," ते म्हणाले. "टाळ्या वाजत होत्या तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलं नाय. तेव्हाच समजलं."

"माझं चुकलं चाचा."

"चुकलं," ते म्हणाले. "नावाचं काय नाय मॅडम. माझं नाव कुठं छापलं काय, नाय छापलं काय. इतकी वर्षं पिक्चर चालवले, पडद्यावर ऑपरेटरचं नाव कधी आलं का? पण पाच महिने मला वाटत होतं, माझी याददाश्त खोटी आहे. कान तर गेले, ते तपासून कळलं. मग म्हटलं, आतमध्ये जे भरून ठेवलंय, तेही खोटं असेल. सगळंच. कुठलं म्युझिक आठवलं तरी वाटायचं, हे होतं का खरंच? का मीच बनवलं?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "ते वाईट केलं तुम्ही. खोटं कशाला सांगू, लय वाईट वाटलं."

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "बेटा, इकडं ये." मुलगी आली. चाचा मला म्हणाले, "आता हिला सांगा. ही मला म्हणायची, अब्बा, वय झालं, होतं असं. तिला पण सांगा की मला बरोबर आठवत होतं."

तिला सांगणं जास्त अवघड गेलं. वयाने ती माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी होती. ती हातातलं फडकं घट्ट धरून ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "त्या दिवसांत अब्बा घरात रेडिओ लावू देत नव्हते. दुरुस्तीला आलेला रेडिओ दुरुस्त झाला की लगेच बंद करायचे. आम्हाला वाटलं, ऐकू येत नाही म्हणून चिडतायत." मग विचारलं, "मॅडम, तुम्ही पण शिकवता ना?"

"हो."

"मुलं वर्गात बरोबर उत्तर देतात, आणि आपल्याला ते माहीत नसतं, असं होतं ना कधीकधी? मग तुम्ही काय करता?"

तिचा आवाज चढला नव्हता. उत्तरासाठी ती थांबली नाही, आत जाऊन तिने चहा आणला. कपाचा कान तिने माझ्याकडे वळवून ठेवला, आणि स्वतः मात्र उभीच राहिली.

घरी आल्यावर मी मुंबईला सगळं लिहून कळवलं, या वेळी वाक्य कितीही लांबलं तरी खोडलं नाही. पुस्तिका छापून झाली होती, ती बदलणं शक्य नव्हतं. त्यांनी त्यांच्या वेबसाइटवरचा मजकूर तेवढा बदलला. माझं नाव काढा असं मी म्हटलं होतं, पण त्यांनी दोघांची नावं ठेवली, आणि चाचांच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं. दोनदा पत्र लिहून मी ते दुरुस्त करून घेतलं. फोनवर ते पान चाचांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, "ठीक आहे" म्हणाले, आणि फोन मुलीकडे दिला. छापील पुस्तिका मात्र डॉक्टरांच्या कपाटात तशीच आहे, त्या परिच्छेदासकट. नवीन कुणी गटात आलं की डॉक्टर कौतुकाने ती काढून दाखवतात, आणि मी दर वेळी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगते. नवीन माणसं अवघडतात. डॉक्टरांनाही ते आवडत नाही.

चाचा गटात परत आले नाहीत. "येऊन काय करू?" ते म्हणतात. "तुम्ही ऐकणार आणि मी तुमची तोंडं बघणार." त्यांना सरकारी शिबिरात श्रवणयंत्र मिळालं आहे, पण ते त्यांना सोसत नाही. म्हणतात, त्यातून बाईच्या आवाजातलं गाणंसुद्धा भांडी घासल्यासारखं ऐकू येतं.

म्हणून महिन्यातून एक-दोनदा मीच जाते. तसं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि चाचांनी कधी "या" असंही म्हटलेलं नाही. मी गेले की ते बसायला सांगतात. मग एकेक सिनेमा घेतात आणि रीळ धरून बोलतात. तिसऱ्या रिळात घोडागाडीच्या आधी बासरी, पाचव्याच्या शेवटी नुसती व्हायोलिनं, त्यात एक जण जरा उशिरा सुरू करतो. मी लिहून घेते. घरी येऊन ताडून बघते. कधी त्यांचं चुकलेलं असतं. पुढच्या खेपेला तेही मी मोठ्याने सांगते, आणि ते मान्य करत नाहीत, आणि आमचा वाद होतो.

निघताना मुलगी माझ्या हातातली वही मागून घेते. दारात उभी राहून त्या दिवशी लिहिलेली पानं वाचते. प्रत्येक पानावर वर चाचांचं नाव आणि तारीख आहे का, ते बघते. एकदा एका पानावर नाव राहिलं होतं, घाईत. तिने पेन पुढे केलं.